तेलबियांच्या निर्यातीची खंडवार तुलना: आकडे उतरवण्यापासून आलेखापर्यंत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच माडाचं उत्पन्न तीन रूपांत विकायला असतं: सोललेले नारळ, सुकं खोबरं आणि बाटलीतलं खोबरेल. गिऱ्हाइकाला ते सगळं नारळाचंच. जागतिक व्यापाराच्या वहीत, म्हणजे एचएस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पद्धतीत, मात्र त्याची तीन वेगळी खाती आहेत. नारळ ०८०१ मध्ये, म्हणजे फळं आणि सुक्या मेव्याच्या प्रकरणात. खोबरं १२०३ मध्ये, तेलबियांच्या प्रकरणात. खोबरेल १५१३ मध्ये, तेलांच्या. "तेलबियांची निर्यात" म्हणून फक्त बारावं प्रकरण उघडलं, तर तीन टोपल्यांपैकी एकच हाती लागते.

या विषयातल्या बहुतेक चुका अशाच असतात. बेरीज चुकत नाही. बेरजेला बसण्याआधी काय मोजायचं तेच पक्कं झालेलं नसतं. गोव्यात अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा भूगोलाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, निर्यातीच्या कचेरीत नव्याने लागलेली मुलं आणि शेतीविषयक लिहिणारे पत्रकार यांना पहिल्यांदा हे काम करताना जिथे ठेच लागते, त्या जागा पुढे क्रमाने दिल्या आहेत.

काय काय लागेल

- संगणक. मोबाइलवर हे काम होत नाही. रकाने दिसत नाहीत आणि फिल्टर लावता येत नाही. घरी सोय नसेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसता येतं.
- एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क. पिव्हट टेबल (लांबलचक यादीचा गटवार सारांश काढणारं कोष्टक) करता आलं पाहिजे. नसेल येत, तर आधी एक संध्याकाळ त्याला द्या.
- फाओस्टॅट (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा आकडेसंग्रह), यूएन कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांचा देशादेशांतल्या व्यापाराचा संग्रह) आणि अमेरिकी कृषी खात्याचा पीएसडी ऑनलाइन (उत्पादन, पुरवठा आणि वापराचा संग्रह). तिन्ही फुकट. कॉमट्रेडवर मोफत नोंदणी करून ठेवा, नाहीतर एका वेळी थोड्याच ओळी मिळतात.
- जागतिक बँकेची वस्तूंच्या किमतींची एक्सेल फाइल, जिला सगळे पिंक शीट म्हणतात.
- एक साधी वही. कोणत्या तारखेला, कोणत्या निवडी करून, कोणती फाइल उतरवली हे तिच्यात लिहायचं. फाओ जुन्या वर्षांचे आकडेही मागाहून सुधारते. मार्चमध्ये उतरवलेली आणि ऑगस्टमध्ये उतरवलेली फाइल जुळली नाही, तर वहीतली तारीखच तुमची बाजू घेईल.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"जगातील तेलबिया निर्यातीचा तुलनात्मक अभ्यास" हा प्रश्न नव्हे, नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: "सोयाबीनच्या निर्यातीत दक्षिण अमेरिकेने उत्तर अमेरिकेला कधी मागे टाकलं?" किंवा "१९६० च्या दशकात भुईमुगाच्या निर्यातीत आफ्रिकेचा जो वाटा होता, तो पुढे कुणाकडे गेला?" वाक्यात चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत: पीक, रूप, प्रदेश आणि कालखंड. चारांपैकी एक जरी मोघम राहिली, तरी पुढच्या प्रत्येक पायरीवर तीच आडवी येते.

२. रूप ठरवा: बी, तेल की पेंड

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाणारी. तेलबीला तीन वाटा असतात. ती तशीच जहाजात चढते, किंवा देशातच गाळली जाऊन तिचं तेल जातं आणि पेंड जाते. कोणत्या देशातून काय जाईल हे जमिनीपेक्षा सरकारच्या करावर जास्त ठरतं.

ब्राझील आणि अर्जेंटिना हे शेजारी घ्या. ब्राझीलने १९९६ च्या कांदिर कायद्याने कच्च्या शेतमालाच्या निर्यातीवरचा राज्यांचा कर उठवला. तिथून सोयाबीनचे दाणे जोमाने बाहेर जाऊ लागले. अर्जेंटिनाने उलट केलं. दाण्याच्या निर्यातीवर कर लावला आणि अनेक वर्षं तेल-पेंडीवर तो थोडा कमी ठेवला. परिणामी पाराना नदीकाठी रोसारिओच्या आसपास तेलगिरण्यांची रांग उभी राहिली आणि बहुतेक वर्षी सोया पेंड आणि सोया तेलात अर्जेंटिनाच जगात पहिला असतो. फक्त दाणे मोजलेत तर अर्जेंटिना किरकोळ दिसेल. तो किरकोळ नाही. त्याचा माल १५०७ आणि २३०४ या खात्यांवर पडलेला आहे.

असंच युक्रेनचं. १९९९ मध्ये सूर्यफुलाच्या बियांवर निर्यात कर आला, गिरण्या वाढल्या आणि देश सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला. बियांच्या तक्त्यात तो एरवी क्वचितच वर दिसतो. फिलिपिन्सचं खोबरंही तसंच. १९६० च्या दशकात खोबऱ्याचा सर्वांत मोठा निर्यातदार तोच होता. पुढे देशात गिरण्या वाढल्या, खोबरेल बाहेर जाऊ लागलं आणि १२०३ ची रेषा खाली घसरत गेली. ती रेषा पाहून "फिलिपिन्समधली माडाची शेती बुडाली" असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. आपल्या देशातला एरंडही या यादीत घाला: जगाला एरंडेल पुरवणारा मुख्य देश भारत, पण ते जातं १५१५ ३० खाली तेल म्हणून. बियांच्या खात्यात शोधून उपयोग नाही.

पामचं तर आणखी वेगळं. ताडतेलाचं फळ झाडावरून उतरवलं की दिवसभरात गिरणीत पोचवावं लागतं, नाहीतर त्यातली आम्लता वाढून तेलाची प्रत उतरते. त्यामुळे ते फळ म्हणून देशाबाहेर जातच नाही. केवळ बिया मोजल्या तर इंडोनेशिया आणि मलेशिया, म्हणजे खाद्यतेलाच्या जगातले दोन सगळ्यांत मोठे निर्यातदार, तुमच्या तक्त्यात जवळजवळ शून्य दिसतील. पाम घ्यायचं असेल तर १५११ घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

हाताशी ठेवायची खाती ही:

- १२०१ सोयाबीन, १२०२ भुईमूग, १२०३ खोबरं, १२०४ जवस, १२०५ रेपसीड (कॅनोला याच्यातच), १२०६ सूर्यफूल
- १२०७ इतर: त्यात १२०७ ४० तीळ, १२०७ ५० मोहरी, १२०७ ३० एरंड
- १५०७ सोया तेल, १५०८ शेंगदाणा तेल, १५११ ताडतेल, १५१२ सूर्यफूल, करडई आणि सरकी तेल, १५१३ खोबरेल आणि पाम गराचं तेल, १५१४ रेपसीड व मोहरी तेल
- २३०४ सोया पेंड, २३०५ शेंगदाणा पेंड, २३०६ बाकीच्या पेंडी

वेगवेगळ्या बिया एकत्र करायच्या असतील तर नुसते टन मिळवू नका. सोयाबीनमधून साधारण १८ ते १९ टक्के तेल निघतं आणि सुमारे ७९ टक्के पेंड. कॅनोला आणि सूर्यफुलातून ४० टक्क्यांच्या वर, शेंगदाण्यातून ४५ च्या आसपास, खोबऱ्यातून ६२ ते ६४. हिशेब करून पाहा: १० लाख टन कॅनोलातलं तेल ४२ टक्क्यांनी ४.२ लाख टन. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायला, १९ टक्के धरून, २२ लाख टन दाणे लागतील. कॅनडा आणि ब्राझील यांची टनांत तुलना करताना हा फरक गिळला जातो. "तेल-समतुल्य" असा वेगळा रकाना करा आणि वापरलेले टक्के तक्त्याखाली लिहा.

इथेच एक सापळा आहे. बियांचं तेल-समतुल्य आणि प्रत्यक्ष तेलाची निर्यात यांची बेरीज केली, तर तोच माल दोनदा मोजला जाऊ शकतो. पॅराग्वेचं सोयाबीन अर्जेंटिनात गाळलं गेलं आणि तेल बाहेर गेलं, तर ते पॅराग्वेच्या नावावर बी म्हणून आणि अर्जेंटिनाच्या नावावर तेल म्हणून पडतं. बेरीज करायचीच असेल तर निव्वळ निर्यातीची करा: निर्यात वजा आयात.

भुईमुगापुरती आणखी एक सूचना. फाओस्टॅटमध्ये शेंगा आणि दाणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. भाताच्या कापणीनंतर वायंगणी शेतात भुईमूग लावणाऱ्या पेडण्याच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण संगणकाला सांगावं लागतं: शेंगांचं वजन ०.७० ने गुणून दाण्यांत आणा, मगच मिळवा.

३. प्रदेशांच्या सीमा पक्क्या करा

फाओस्टॅट संयुक्त राष्ट्रांची प्रदेशरचना वापरतं. तिच्यात मेक्सिको मध्य अमेरिकेत असतो. "अमेरिका" हा एकच गट घेतला तर अमेरिकेतल्या आयोवाचा आणि ब्राझीलमधल्या मातो ग्रोसोचा शेतकरी एकाच रेषेत विरघळतात, आणि नेमकी तीच चढाओढ तुम्हाला दाखवायची असते. म्हणून उत्तर आणि दक्षिण अमेरिका वेगळ्याच घ्या.

काळाच्या ओघात देशही बदलले. सोव्हिएत संघाची नोंद १९९१ पर्यंत एक, युरोपात. १९९२ पासून युक्रेन आणि रशिया युरोपात, पण कझाकस्तान, उझबेकिस्तान आशियात. युरोपच्या रेषेत १९९२ ला पायरी दिसली तर आधी हे तपासा. तिळाचा अभ्यास करणाऱ्यांनी सुदान (२०११ पर्यंत एक, नंतर दोन) आणि इथिओपिया (१९९३ पासून एरिट्रिया वेगळा) यांच्याकडे लक्ष द्यावं. बेल्जियम आणि लक्झेंबर्ग १९९९ पर्यंत एकाच नावाने येतात.

आणि चीन. देशांच्या यादीत "चीन" असतो आणि त्याखाली मेनलँड, हाँगकाँग, मकाव, तैवान अशा चार नोंदीही असतात. पहिली नोंद म्हणजे खालच्या चारांची बेरीज. सगळ्या देशांवर टिचकी मारून आशियाची बेरीज स्वतः केलीत, तर चीन दोनदा मोजला जातो. एकतर चार घ्या, नाहीतर एक.

या सगळ्यातून सुटायचा सोपा मार्ग: प्रदेशांच्या टॅबमधली तयार "टोटल" घ्या, आणि पडताळणीसाठी "लिस्ट" (त्या प्रदेशातले देश वेगवेगळे) घेऊन बेरीज जुळते का ते पाहा. युरोपियन युनियन, भूवेष्टित देश, अल्पविकसित देश असे विशेष गट मात्र खंडांत मिळवू नका; त्यांतले देश आधीच कुठल्यातरी खंडात बसलेले असतात.

४. आकडे कुठून घ्यायचे

लांब कालखंड हवा असेल तर फाओस्टॅट. व्यापाराचे आकडे १९६१ पासून, वजन टनांत, मूल्य हजार डॉलरमध्ये. पहिला आराखडा नेहमी यावरच करावा.

कोणाकडून कोणाकडे हे हवं असेल तर फाओस्टॅटचं सविस्तर व्यापार-कोष्टक (१९८६ पासून) किंवा कॉमट्रेड. कॉमट्रेडमध्ये वर दिलेली खाती १९८८ नंतरच चालतात, कारण ही वर्गीकरण पद्धतच तेव्हा सुरू झाली. शिवाय ती दर काही वर्षांनी सुधारली जाते. २०१२ च्या सुधारणेत १२०१ चे पेरणीचं बियाणं आणि बाकीचं असे दोन भाग झाले आणि भुईमुगाचे सहा अंकी कोड पार बदलले. सहा अंकी कोडवर लांबची मालिका लावली की २०१२ ला ती कापल्यासारखी तुटते. चार अंकांवर राहा, हा त्रास होत नाही.

ताजे आकडे आणि साठा-गाळपासकट पूर्ण ताळेबंद हवा असेल तर पीएसडी. त्यात सात तेलबिया आहेत: सोयाबीन, रेपसीड, सूर्यफूल, सरकी, भुईमूग, खोबरं, पाम गर. तीळ नाही. एकक हजार टन.

तीन ठिकाणचे आकडे एकाच रेषेत शिवू नका. एक मुख्य ठेवा, बाकीचे पडताळणीला.

५. फाओस्टॅटवरून उतरवणं

"पिके व पशुधन उत्पादने" हा व्यापाराचा विभाग उघडा. प्रदेश, घटक (निर्यात वजन आणि निर्यात मूल्य, दोन्ही), बाबी, वर्षं निवडा. बाबींच्या यादीत एकेक पीक असतं आणि एकत्रित गटही असतात. दोन्ही एकदम घेऊ नका. फ्लॅग (आकडा कसा मिळाला ते सांगणारं अक्षर) आणि कोड यांच्या खुणा चालू ठेवा. हजाराचा स्वल्पविराम बंद करा, नाहीतर एक्सेल आकड्यांना अक्षरं समजतं आणि बेरीज शून्य येते. फाइल सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) घ्या.

उजवीकडे सगळा डेटा एकदम उतरवायची सोय दिसते. मोह टाळा. एक्सेलच्या पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. व्यापाराची पूर्ण फाइल त्याहून कितीतरी मोठी आहे. एक्सेल ती उघडतं, एक छोटीशी सूचना दाखवतं आणि उरलेल्या ओळी सोडून देतं. देश वर्णानुक्रमे असल्याने अफगाणिस्तान, अल्जिरिया दिसतात आणि झांबिया गायब. घाईत सूचना बंद केली की कळतही नाही.

फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता "डेटा" मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा. नाहीतर कोत दिव्वार आणि तुर्कीये या नावांची अक्षरं फुटतात आणि पुढे नावावरून जोडणी करताना ते देश गळतात. जोडणी नावावर न करता कोडवर केली तर हा प्रश्नच येत नाही. कोडचा रकाना मात्र मजकूर म्हणून आयात करा: ०८०१ मधलं पुढचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं, आणि मग नारळ सापडत नाही.

कॉमट्रेडवर एक जास्तीची काळजी. भागीदारांत "जग" ही स्वतंत्र ओळ असते. सगळे भागीदार निवडून बेरीज केलीत की उत्तर बरोबर दुप्पट येतं. पुनर्निर्यातीचा वेगळा प्रवाहही तिथे दिसतो. तो निर्यातीत आधीच धरलेला असतो, वर मिळवायचा नसतो. वजन तिथे किलोत असतं.

६. साफसफाई

आधी फ्लॅग पाहा. "ए" म्हणजे अधिकृत आकडा, "ई" म्हणजे अंदाज, "आय" म्हणजे गणिताने भरलेली जागा. एखाद्या देशाची सलग पाच-सहा वर्षं "आय" असतील, तर त्या तुकड्यावर निष्कर्ष उभारू नका. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे. रिकाम्या जागी शून्य टाकू नका.

मग प्रत्येक ओळीत मूल्य भागिले वजन करा. एका टनाचा भाव निघेल. मूल्य हजार डॉलरमध्ये आहे हे विसरू नका. जहाजाने जाणारं सोयाबीन टनाला साधारण २०० ते ७०० डॉलरच्या पट्ट्यात असतं. कुठे ४,००० आलं तर एकतर तो पेरणीच्या बियाण्याचा छोटा व्यवहार आहे, नाहीतर आकड्यात चूक आहे. ही एक तपासणी केली तरी निम्म्या चुका बाहेर येतात.

लाख-कोटी आणि मिलियन यांची गल्लत नेहमीची. १ मिलियन टन म्हणजे १० लाख टन. तक्ता मिलियनमध्ये आणि मजकूर लाखांत असला तरी चालेल, पण एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत.

७. वर्ष कोणतं

फाओस्टॅट जानेवारी ते डिसेंबर मोजतं. भारत सरकारचे आकडे एप्रिल ते मार्च. आपल्याकडच्या तेल उद्योगाचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. अमेरिकी सोयाबीनचं विपणन वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट, आणि पीएसडीच्या फाइलीत २०२३/२४ च्या जागी नुसतं २०२३ लिहिलेलं असतं. ते फाओस्टॅटच्या २०२३ शेजारी ठेवलंत तर दोन वेगळ्या पिकांची तुलना होते. मासिक आकडे नसतील तर वर्ष बदलता येत नाही. अशा वेळी तीन वर्षांची सरासरी घेतली की फरक बोथट होतो.

८. युरोपचा फुगवटा

तोंडी परीक्षेला हमखास येणारा प्रश्न: "नेदरलँड्समध्ये सोयाबीन पिकतं का?" नाममात्र. तरी निर्यातदारांच्या यादीत तो दिसतो, कारण रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे जर्मनीला जातो आणि तीही निर्यातच. शिवाय फ्रान्सचं रेपसीड जर्मनीला गेलं तरी ते युरोपच्या बेरजेत निर्यात म्हणून येतं. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातून पाराना राज्यात ट्रक गेला तर तो मात्र देशांतर्गत व्यापार. एका खंडात देश जास्त म्हणून त्याची निर्यात जास्त, असा हा खेळ.

उपाय दोन. व्यापार-कोष्टकातून खंडांतर्गत ओळी वगळा. पण मग कालखंड १९८६ पासूनच. किंवा निव्वळ निर्यात काढा. ती १९६१ पासून जमते, आणि पुनर्निर्यात आपोआप कटते. निव्वळ केल्यावर सोयाबीनमध्ये युरोप उणे होतो. उणे आकडा पाहून घाबरू नका, खरं चित्र तेच आहे.

एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात जुळत नाही म्हणूनही घाबरू नका. निर्यात बंदरावरच्या भावाने मोजतात, आयात भाडं आणि विमा धरून. आणि डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या सान्तोस बंदरातून निघालेलं जहाज चीनला पोचतं पुढच्या वर्षी.

९. टन की डॉलर

पिकाचा विस्तार दाखवायचा तर टन, कमाई दाखवायची तर डॉलर, आणि डॉलर असेल तर भाव वेगळा काढून. पिंक शीटमध्ये सोयाबीनचा वार्षिक भाव २०१२ ला टनाला ५९० डॉलरच्या आसपास आहे, २०१५ ला ३९० च्या. या तीन वर्षांत कुणाची डॉलरमधली निर्यात घटली तर माल कमी गेला असं सिद्ध होत नाही. त्याच फाइलीत महागाई वगळलेल्या किमतींचं पानही आहे. १९६० च्या दशकाशी तुलना करताना तेच वापरा.

१०. वाटा, सरासरी, वाढीचा दर

प्रत्येक प्रदेशाचा वाटा म्हणजे त्याची निर्यात भागिले जगाची निर्यात. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घेऊनच वाटा काढा, कारण एका दुष्काळाने चित्र पालटतं. वार्षिक चक्रवाढ दराचं सूत्र: (शेवटचा आकडा ÷ पहिला आकडा) ^ (१ ÷ वर्षं) − १. ब्राझीलची सोयाबीन निर्यात २००० साली सुमारे ११५ लाख टन होती, २०२३ मध्ये सुमारे १,०१९ लाख टन. भागाकार ८.८६, वर्षं २३, दर जवळजवळ १० टक्के. वर्षं मोजताना २४ धरायची चूक होते. दोन टोकांमधल्या उड्या मोजायच्या, वर्षांची नावं नव्हे.

टोकाची वर्षं निवडताना सावध. २०२३ हे अर्जेंटिनासाठी भीषण दुष्काळाचं वर्ष. त्यावर मालिका संपवली तर त्या देशावर अन्याय होतो.

११. आलेखावर घटना लावा

रेषा एकटी बोलत नाही. सोयाबीनच्या आलेखावर निदान एवढ्या उभ्या खुणा हव्यात:

- १९७३: जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात अचानक रोखली. जपानने धसका घेतला आणि पुढे ब्राझीलच्या सेर्रादो पठारावरच्या शेतीत पैसा घातला. ब्राझीलची कृषी संशोधन संस्था एम्ब्रापाही त्याच वर्षीची; उष्ण कटिबंधात वाढणारे सोयाबीनचे वाण तिच्या कामातून आले.
- १९८०: अमेरिकेची सोव्हिएत संघावर धान्यबंदी, त्यात सोयाबीनही.
- २००१: डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत. इथून मागणीची बाजू एकाच देशाकडे झुकली.
- २०१८: जुलैपासून अमेरिकी सोयाबीनवर चीनचं २५ टक्के जादा शुल्क. त्या वर्षी ब्राझीलची रेषा वर आणि अमेरिकेची खाली, अगदी कात्रीसारखी.
- २०२२: युक्रेन युद्ध, आणि २८ एप्रिल ते २३ मे इंडोनेशियाची ताडतेल निर्यातबंदी. वार्षिक आलेखात ही बंदी जवळपास दिसत नाही, मासिकात ठळक दिसते.

भुईमुगाच्या आलेखावर वेगळ्या खुणा. १९६० च्या दशकात नायजेरिया आणि सेनेगल आघाडीवर होते. नायजेरियातल्या कानो शहरात शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत. मग सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातला दुष्काळ, १९७५ ची रोझेट या विषाणुजन्य रोगाची साथ आणि खनिज तेलाच्या पैशाने शेतीकडे झालेलं दुर्लक्ष. वरून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचे युरोपीय नियम: थेट खायच्या शेंगदाण्यात एकूण ४ मायक्रोग्रॅम प्रति किलोची मर्यादा. खुणा लावताना एक संयम बाळगा. घटना आणि वळण शेजारी दिसलं म्हणून कारण सिद्ध झालं असं नव्हे. "याच सुमारास" आणि "यामुळे" या शब्दांत परीक्षक फरक करतात.

१२. भारत आणि गोवा

फाओस्टॅटमध्ये गोव्याची ओळ नाही. भारत हेच सर्वांत लहान एकक. मालिका सुरू होते १९६१ ला आणि गोवा मुक्त झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, पण पोर्तुगीज गोवा अशी नोंद तिथल्या यादीत शोधू नका, नाही. त्या काळातल्या नारळाचा माग काढायचा तर पणजीच्या पुराभिलेखागाराचीच वाट धरावी लागेल.

राज्यवार आकड्यांसाठी वाणिज्य मंत्रालयाचं २०२२ मध्ये सुरू झालेलं निर्यात पोर्टल पाहा. देशाच्या आठ अंकी कोडसाठी मंत्रालयाचीच निर्यात-आयात माहितीपेढी. बंदर आणि राज्य एक समजू नका. मुरगावहून चढलेला माल गोव्याचाच असतो असं नाही, आणि गोव्याचा माल न्हावा-शेवाहूनही जातो.

१३. आलेखाखालची टीप

तक्ता आणि आलेख जिथे जाईल, तिथे ही टीप त्याच्या पायाशी गेली पाहिजे. नमुना असा, आकडे आणि नावं आपापली घालावीत:

"सोयाबीन, फक्त दाणे; तेल व पेंड धरलेली नाही. निव्वळ निर्यात, लाख टन, जानेवारी ते डिसेंबर. फाओस्टॅट, १४ जुलै रोजी उतरवलेली फाइल. संयुक्त राष्ट्रांची प्रदेशरचना. सोव्हिएत संघ १९९१ पर्यंत युरोपात. तीन वर्षांची सरासरी. गणिताने भरलेले आकडे तुटक रेषेने दाखवले आहेत."